कुणाचा हात टिकेल?

२००८ साली भारतात एक अजब स्पर्धा झाली. नाव होते ‘मिलियन डॉलर आर्म’. बेसबॉलचा चेंडू शक्य तितक्या वेगाने आणि नेमक्या जागी फेकायचा, एवढेच करायचे होते. सदतीस हजारांहून अधिक तरुणांनी त्यात हात आजमावला. त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन तरुण भालाफेकपटू पुढे आले. बेसबॉल खेळण्याचा अनुभव दोघांनाही नव्हता. पण रिंकूचा चेंडू ताशी १४० किलोमीटरच्या वेगाने जात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘पिट्सबर्ग पायरेट्स’ या संघाने दोघांनाही करारबद्ध केले. पुढे २०१४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला.

मात्र खरी परीक्षा करारानंतर सुरू झाली. दिनेशला २०१०च्या अखेरीस संघाने मोकळे केले. रिंकू आणखी काही काळ खेळला, २०११ मध्ये पुढच्या पायरीवरच्या संघात पोहोचलाही. नंतर मात्र दुखापतींनी त्याचे मोसमामागून मोसम वाया गेले आणि २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मुख्य संघाच्या अगदी खालची पायरी, म्हणजे ‘ट्रिपल-ए’, दोघांपैकी कुणालाच गाठता आली नाही.

हे आधी सांगता आले असते का? अमेरिकेतले संघ, संख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अनेक दशके याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आहेत. आजवर हाती आलेले उत्तर बेसबॉलचा गंधही नसलेल्या, पण मुलाला खेळाच्या अकादमीत घालणाऱ्या पालकांनीही समजून घ्यावे असे आहे.

पायऱ्या आणि गळती

बेसबॉलमधला पिचर म्हणजे साधारण आपला गोलंदाज. फरक इतकाच की त्याला धाव घेता येत नाही. उंचवट्यावर उभे राहायचे, एक लांब पाऊल टाकायचे आणि साडेअठरा मीटरच्या आतल्या अंतरावर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे सुमारे १४५ ग्रॅमचा चेंडू टप्पा न पाडता फेकायचा. सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि कोपर यांच्या साखळीतून यायला हवा.

अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, ३० संघ आहेत. प्रत्येकाच्या हाताखाली मायनर लीगच्या चार मुख्य पायऱ्या असतात : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सर्वांत वर ट्रिपल-ए. पायरेट्सचा ट्रिपल-ए संघ इंडियानापोलिस शहरात खेळतो. दरवर्षीच्या निवड प्रक्रियेत आता २० फेऱ्या होतात, म्हणजे एकेका संघाकडे वीसएक नवे खेळाडू येतात. परदेशातून करारबद्ध केलेली कोवळी मुले वेगळीच. यात पिचरचा वाटा मोठा असतो. ट्रिपल-एच्या संघात मात्र एकूण जागा २८. त्यातल्या काही जागा मेजर लीगमधून खाली आलेल्या अनुभवी खेळाडूंनी अडवलेल्या असतात. गळती अटळ आहे. ती कुणाची होणार, एवढाच प्रश्न उरतो.

जाणकारांची नजर

पूर्वी याचे उत्तर स्काऊट म्हणजे पारखी देत. गावोगावच्या मैदानांवर जाऊन ते मुलांना २० ते ८० या मापावर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या सरासरी खेळाडूइतका. वेग, वळण, अचूकता यांना वेगवेगळे गुण मिळतात. ही पद्धत आजही वापरात आहे.

पारख्यांची नजर वाया जात नाही. पहिल्या फेरीत निवडलेली मुले शेवटच्या फेऱ्यांतल्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने वर पोहोचतात. पण एका विशिष्ट मुलाचे काय? १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने ब्रायन टेलर या डावखुऱ्या पिचरला देशात सर्वप्रथम निवडले आणि १५ लाख ५० हजार डॉलरचा बोनस दिला. असा हात पुन्हा दिसणार नाही, असे त्याच्याबद्दल बोलले जात होते. दोन वर्षांत तो डबल-एपर्यंत पोहोचला. डिसेंबर १९९३ मध्ये मैदानाबाहेरच्या एका मारामारीत त्याच्या डाव्या खांद्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर तो ट्रिपल-एपर्यंतही गेला नाही.

उलट बाजूचे उदाहरण जेकब डीग्रॉमचे. महाविद्यालयात तो प्रामुख्याने क्षेत्ररक्षक होता. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतले आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. अशा मुलावर पैज कोण लावणार? २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे तो आपल्या लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला.

आकडे काय सांगतात?

१९८५ मध्ये बिल जेम्स या विश्लेषकाने एक गोष्ट दाखवून दिली. मायनर लीगमधले फलंदाजीचे आकडे योग्य प्रकारे बदलून घेतले, तर मेजर लीगमधल्या कामगिरीचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पिचरचे गणित अधिक गुंतागुंतीचे होते. त्याची एक गाठ २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन याने सोडवली. फलंदाजाने चेंडू मैदानात टोलवल्यावर पुढे काय होते, यावर पिचरचे नियंत्रण वाटते त्यापेक्षा बरेच कमी असते, असे त्याने मांडले. झेल सुटणे, चेंडू दोघांच्या मधून निसटणे यात क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा भाग मोठा. म्हणून पिचरने किती धावा दिल्या यापेक्षा त्याने किती जणांना चेंडूला बॅट न लागू देता बाद केले आणि किती जणांना स्वैर चेंडूंमुळे फुकट पुढे सोडले, हे आकडे त्याच्या कौशल्याबद्दल अधिक सांगतात.

दुसरा महत्त्वाचा आकडा वयाचा. एकोणीस वर्षांचा मुलगा बावीस-तेवीस वर्षांच्या फलंदाजांना बाद करत असेल, तर त्याला वाढायला अजून वाव आहे. चोविसाव्या वर्षी कोवळ्या मुलांना बाद करणाऱ्याचे आकडे तितकेच देखणे असले, तरी त्यांची किंमत कमी.

नुसता वेग पुरत नाही, हेही आकड्यांतून दिसते. स्टीव्ह डाल्कोव्स्की हा त्याच्या काळातला सर्वांत वेगवान पिचर मानला जाई. १९६० च्या मोसमात कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन संघाकडून त्याने १७० डावांत २६२ फलंदाजांना असे बाद केले. त्याच १७० डावांत त्याने फुकट पुढे सोडलेल्या फलंदाजांची संख्याही २६२ होती! मेजर लीगमध्ये तो कधीच खेळला नाही.

आता कॅमेरे आणि रडार चेंडूचा वेग, फिरकी आणि हवेतले वळण प्रत्येक फेकीला मोजतात. त्यामुळे हाताशी मोजकेच सामने असले, तरी अंदाज बांधता येतो.

शंभरांचे भाकीत, एकाचे नव्हे

तरीही असे गणित ‘हा मुलगा पोहोचेल’ असे सांगत नाही. ते सांगते, ‘अशा शंभर मुलांपैकी इतकी पोहोचतात.’ हवामान खात्याने पावसाची शक्यता ७० टक्के म्हटल्यावर छत्री कोरडी राहिली, म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. तसेच हे आहे. संघाला हे चालते, कारण त्याच्याकडे अनेक पिचर असतात. एक गळाला तर दुसरा वर जातो. मुलाकडे मात्र एकच हात असतो.

शिवाय ‘ट्रिपल-ए गाठणे’ ही मोजपट्टीही सरळ नाही. पॉल स्कीन्स याला पायरेट्सने २०२३ मध्ये देशात सर्वप्रथम निवडले. २०२४ च्या मोसमात इंडियानापोलिससाठी त्याने अवघ्या सात सामन्यांची सुरुवात केली आणि मे महिन्यात तो मेजर लीगमध्ये गेला. होजे फर्नांडेझ तर २०१३ मध्ये हाय-एवरून डबल-ए आणि ट्रिपल-ए ओलांडून थेट वर पोहोचला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. म्हणजे ती पायरी न चढणाऱ्यांत अपयशी असतात, तसे अतिशय गुणवानही असतात. रॉय हॅलाडेचा प्रवास उलटा. मेजर लीगमध्ये खेळून २००० साली सपशेल अपयशी ठरल्यावर त्याला २००१ मध्ये खालच्या पायरीवर पाठवले गेले. तिथे त्याने फेकण्याची शैलीच बदलली आणि पुढे दोनदा सर्वोत्तम पिचरचा किताब मिळवला. जुन्या आकड्यांवरून बांधलेला कोणताही अंदाज त्याच्या बाबतीत फसला असता.

कोपरातली पट्टी

अंदाज बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट मात्र मैदानावर दिसतच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे हाड यांना बांधून ठेवणारी एक छोटी, चिवट पट्टी असते. तिला अल्नार कोलॅटरल लिगामेंट म्हणतात. फेकताना हात मागे जातो आणि गर्रकन पुढे येतो. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे सात हजार अंश इतक्या वेगाने फिरत असतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींत तिची गणना होते.

अलाबामातल्या बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये ग्लेन फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कोपरावरचा हा ताण मोजला. तो सुमारे ६४ न्यूटन-मीटर भरला. कोपरापासून एक मीटर अंतरावर साडेसहा किलोचे वजन टांगावे, तितका हा पीळ. मृतदेहांवरील चाचण्यांत एकटी पट्टी साधारण याच्या निम्म्या ताणालाच तुटते. मग ती प्रत्येक फेकीला तुटत का नाही? कारण मनगटाकडे जाणारे स्नायू उरलेला भार उचलतात. ते थकले की भार पट्टीवर येतो. दमलेल्या हाताने फेकणे धोक्याचे का, याचे उत्तर इथे आहे.

पूर्वी ही पट्टी तुटली की कारकीर्द संपत असे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या मनगटाजवळची कंडरा काढून कोपरात बसवली. तो पुन्हा खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक इतकीच धरली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

आज ती नित्याची झाली आहे. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरच्या दुखापतींवर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. मेजर आणि मायनर लीग मिळून २०१० मध्ये १०४ खेळाडूंवर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली होती, २०२४ मध्ये २८१ जणांवर. याच सुमारास मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी गती २००८ मधल्या ताशी १४७ किलोमीटरवरून १५१च्या पुढे गेली. वाढता वेग, चेंडूला अधिकाधिक वळण देण्याचा हव्यास आणि प्रत्येक फेकीला पूर्ण जोर लावण्याची सवय, ही दुखापतींची प्रमुख संभाव्य कारणे अहवालाने नोंदवली.

खरा पेच इथेच आहे. ज्या वेगामुळे मुलाचे भाकीत उजळते, तोच वेग त्याची पट्टी तुटण्याचा धोकाही वाढवतो. एमआरआय काढून आधीच निवाडा करावा म्हटले, तर तेही सोपे नाही. काहीही दुखत नसलेल्या पिचरच्या कोपरातही पट्टी जाड झालेली किंवा झिजलेली दिसते. त्यातली कोणती तुटेल, हे चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही.

मोजता येते ते मोजावे

भाकीत अवघड असले तरी धोका कमी करता येतो. फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी शेकडो किशोर पिचरची दहा वर्षे पाहणी केली. वर्षाला शंभरहून अधिक डाव फेकणाऱ्या मुलांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता. त्याच संस्थेच्या २००६ मधल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या आणि निरोगी पिचरची तुलना केली गेली. हात थकलेला असतानाही नियमित फेकत राहणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट आढळली.

यातून २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी ‘पिच स्मार्ट’ नावाची नियमावली आणली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ७५ फेकी कराव्यात, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५, तेरा ते सोळा वयात ९५. फेकी जितक्या जास्त, तितके सक्तीच्या विश्रांतीचे दिवस अधिक. वर्षातले किमान चार महिने फेकणे बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. एकाच वेळी दोन संघांकडून खेळणे टाळावे. शस्त्रक्रियेने चेंडूचा वेग वाढतो, हा अमेरिकेतल्या अनेक पालकांचा समजही चुकीचा आहे. परतलेला खेळाडू वेगवान वाटतो, तो बहुधा वर्षभराच्या व्यायामामुळे आणि विश्रांतीमुळे.

आपल्याकडे बेसबॉल फारसा नाही, पण वेगवान गोलंदाज होऊ पाहणारी मुले गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या बाबतीत कोपराऐवजी कंबरेच्या मणक्याला ताणामुळे सूक्ष्म तडा जातो, आणि तोही बहुतेकदा हाडे पक्की होण्याआधीच्या वयात. शाळेचा संघ, क्लब आणि अकादमी अशा तीन ठिकाणी टाकलेल्या षटकांची एकत्र बेरीज अनेकदा कुणीच ठेवत नाही. एका वहीत रोजची षटके, सुट्टीचे दिवस आणि ‘आज पाठ दुखते’ ही तक्रार तारखेसह लिहून ठेवली, तर पालकांना आणि प्रशिक्षकांना थांबायचे कधी ते कळेल. दुखणे काही दिवसांत थांबले नाही, तर मलमपट्टी करत खेळवत न राहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि जाताना ती वही सोबत न्यावी.