टाका आणि ताणा : काठ का वळतो?

मोज्याची टाच या आठवड्यात घ्यायची असं ठरलं होतं. ती पुढच्या आठवड्यावर ढकलते आहे, कारण मध्येच साताऱ्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं. त्यांनी नातवासाठी मफलर विणला. गडद निळी चार प्लायची लोकर, दहा नंबरच्या सुया, एक सुई सुलट आणि एक सुई उलट. टाके एकसारखे पडले, कुठे ढिला नाही की घट्ट नाही. पण सुईवरून उतरवल्यापासून मफलर दोन्ही बाजूंनी आत वळतो आणि त्याची नळी होते. पसरून ठेवला, वर जाड पुस्तकं ठेवली, तरी पुस्तकं उचलली की पुन्हा तेच. ‘इस्त्री फिरवली तर सरळ होईल का? की माझा हात कुठे चुकतोय?’ असं त्यांनी विचारलं आहे.

बाई, तुमचा हात अजिबात चुकलेला नाही. त्या विणीचा धर्मच तो आहे. निष्णात बाईने विणला तरी वळेल आणि पहिलटकरणीने विणला तरी वळेल. विणकाम शिकवताना आपण टाके घालणं, मिटवणं, वाढवणं, घटवणं सगळं सांगतो, नमुन्यांच्या वह्या भरून घेतो, पण काठाबद्दल कुणी बोलत नाही. मला ते फार खटकतं. कुणाचंही विणलेलं हातात आलं की मी नमुना नंतर बघते, आधी काठ बघते. म्हणून आजचा पूर्ण लेख काठावर.

वीस टाक्यांचा एक चौकोन विणा आणि तो खिडकीपाशी नेऊन अगदी जवळून पाहा. सुलट बाजूला टाक्यांचे दोन-दोन पाय दिसतात, खाली जुळलेले, वर फाकलेले, उभ्या रांगेत एकावर एक. उलट बाजूला पाय दिसत नाहीत; तिथे टाक्यांची डोकी आणि तळ दिसतात, म्हणजे आडव्या छोट्या कमानी. असं का, तर प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या पोटातून एकाच दिशेने, मागून पुढे, ओढून काढलेला आहे. उलट सुई विणताना आपण फक्त कापड फिरवलेलं असतं. सुलट बाजूकडून पाहिलं तर एकूण एक टाके त्याच दिशेने बाहेर आलेले असतात.

आता लोकरीचा विचार करा. धागा मुळात सरळ. आपण तो वाकवून वाकवून टाका केला, पण त्याची सरळ व्हायची ओढ काही जात नाही. साध्या मागावरच्या कापडात बाण्याचा आडवा धागा एका उभ्या ताण्याच्या वरून जातो, पुढच्याच्या खालून जातो. जितका वर वाकतो तितकाच खाली, म्हणून ओढ फिटते आणि कापड सपाट पडतं. आपल्या या विणीत तशी फिटाफीट नाही. पाय एका बाजूला, डोकी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंची ओढ वेगळी. चौकोनाच्या मध्यभागी शेजारचे टाके एकमेकांना धरून ठेवतात. काठावरच्या टाक्याला एका अंगाने शेजारीच नाही, तो ओढीला बळी पडतो. आणि तो कसाही वळत नाही, त्यालाही नियम आहे. उजवा-डावा काठ मागे, म्हणजे उलट बाजूकडे वळतो. वरचा आणि खालचा काठ पुढे, सुलट बाजूकडे वळतो. तुमचा चौकोन समोर असेल तर आत्ताच पाहून घ्या.

सुया हाती धरत नाही अशा वाचकांसाठी दुसरा प्रयोग. घरातला जुना सुती टी-शर्ट घ्या. नाहीतर बनियन, तो तर हमखास सापडतो. पोटाजवळ दोन बोटं रुंदीची आडवी पट्टी कापा, दोन्ही टोकं धरा आणि जोरात ताणा. पट्टी डोळ्यांदेखत गुंडाळत जाते आणि हातात दोरी येते. कारण तिरुपूरच्या गोल मशीनवर निघणारं बनियनचं कापड म्हणजे आपलीच वीण, फार बारीक सुयांवर, फार बारीक सुताची. कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणायचा साचा केला. त्यात एका ओळीचे सगळे टाके एकदम पडत. त्याचीही वीण हीच. साचा असो की गोल मशीन, तिथे कापड उलटायचं नसतं, त्यामुळे उलट ओळच नसते. आपण चार सुयांवर गोल मोजा विणतो तेव्हा सगळ्या फेऱ्या सुलट विणतो, ते याच कारणाने.

त्या दोरीकडे पुन्हा एकदा बघा. पट्टी आडवी कापली, म्हणजे तिचे लांब काठ हे विणीचे वरचे-खालचे काठ झाले. ते सुलट बाजूकडे वळतात. म्हणजे टी-शर्टची सुलट, बाहेरची बाजू दोरीच्या आत गेली, आतली बाहेर राहिली. याचा फायदा असा, की छातीवर कसलंही भडक चित्र किंवा मोठाली अक्षरं छापलेली असली तरी दोरीत ती दिसत नाहीत. दोरीचा रंग ठरवायचा तर टी-शर्ट उलटा करून आतला रंग पाहायचा.

ही दोरी अखंड काढता येते. बगलेच्या खालपासून खालच्या शिवणीच्या वरपर्यंतचा भाग कापून घ्या, नुसती नळी राहिली पाहिजे. अंगाला बाजूची शिवण नसलेला कपडा निवडा. बनियन बहुधा तसेच असतात. नळी सपाट पसरा. एका घडीच्या बाजूने दोन-दोन बोटांच्या पट्ट्या कापत समोरच्या घडीपर्यंत न्या, पण इंचभर आधी थांबा. मग ती न कापलेली बाजू उलगडून हातावर घ्या. तिथे सरळ कापायचं नाही. अलीकडची पहिली चीर पलीकडच्या दुसऱ्या चिरेला, दुसरी तिसरीला, असं तिरपं कापत जा. पहिल्या चिरेपाशी बाहेर निघायचं, शेवटालाही तसंच. एक लांबलचक पट्टी सुटते. ती हातभर-हातभर ताणत गुंडा करा.

जाड क्रोशाची सुई असेल तर मुक्या खांबांनी गोल पायपुसणं विणा. नसेल तर तीन दोऱ्यांची वेणी घाला आणि वेणी चकलीगत फिरवत सुई-दोऱ्याने शिवत जा. शिवताना काम टेबलावर सपाट ठेवायचं, मांडीवर घ्यायचं नाही. मांडीवर हात नकळत ओढतो, बाहेरचा फेर आखूड पडतो आणि पायपुसण्याची परडी होते. परडी हवी असेल तर मात्र मुद्दाम ओढा. कांदे-लसूण ठेवायला छान होते.

आता मफलर. आधी इस्त्रीचं सांगते. दुकानात चार प्लाय लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. तिच्यावर तापलेली इस्त्री टेकवली तर मफलर सपाट होईल, पण धाग्यातला जीव जाईल. तो लुळा पडतो, चकाकायला लागतो आणि ती उसळी परत येत नाही. खरी लोकर असेल तर ओलं कापड घालून वाफ द्या, टाचण्या लावून वाळवा. थोडे दिवस बरा दिसेल, धुतला की काठ पुन्हा आत.

काही पुस्तकांत दोन्ही काठांना चार-चार टाके सगळ्या सुया सुलट विणायला सांगतात. त्याने काठ नीट दिसतो हे खरं, पण मधला पन्हा रुंद असेल तर ती चार टाक्यांची पट्टीसुद्धा सगळ्यासकट मागे वळते. मला हा उपाय अर्धवट वाटतो. मफलरला मुळात अशी वीण निवडावी, की ज्यात पुढे-मागे दोन्हीकडे सारखेच टाके असतील. सगळ्या सुया सुलट विणल्या तर एक ओळ पुढे येते, एक मागे जाते. दोन सुलट दोन उलट घेतले तर उभ्या पट्ट्या तसंच करतात. एक सुलट एक उलट घेऊन पुढच्या सुईला त्यांची अदलाबदल केली तर दाण्याची वीण होते, ती सगळ्यांत सपाट पडते. लहान मुलांच्या स्वेटरला खाली आणि मनगटाला उलट-सुलट बॉर्डर घालतात ती अंगाला धरून बसावी म्हणून, असंच सगळ्या सांगतात. ते बरोबर आहे, पण ती नसेल तर स्वेटरचा घेर वर गुंडाळेल, हेही त्यातलं तितकंच मोठं कारण.

साताऱ्याच्या बाईंनी मफलर उसवायचं कारण नाही. बाजूचे काठ उलट बाजूकडे वळतात, तर त्यांना तिकडेच जाऊ द्या. मफलर उलट बाजू आत ठेवून लांबीला दुमडा, दोन्ही काठ समोरासमोर आणा आणि त्याच लोकरीने काठालगतचा एकेक टाका उचलत शिवून घ्या. शिवण मागच्या बाजूला मध्यावर आणा, टोकं बंद करा. दुहेरी मफलर होईल, थंडीला जास्त चांगला, आणि वळायला काठच राहणार नाही. रुंदी निम्मी होईल, पण शाळेत जाणाऱ्या मुलाला तेवढी पुरते.

मागावर काठाची अडचण वेगळी असते. पुठ्ठ्याला खाचा पाडून केलेल्या मागावर ज्यांनी पिशव्या विणल्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच आहे, की पिशवी मध्ये अरुंद झाली. तळाशी पूर्ण रुंदी, मध्ये कंबर. इथे काठ वळत नाही, आत येतो. बाण्याचा धागा शेवटच्या ताण्याला वळसा घालून परत फिरतो तेव्हा आपण तो नीट बसावा म्हणून ओढतो. शिवाय बाणा सरळ जात नसतो, वर-खाली होत जातो, त्याला रुंदीपेक्षा जास्त धागा लागतो. तो जास्तीचा धागा आपण दिला नाही तर तो काठाकडून ओढून घेतो. म्हणून बाणा आडवा सरळ टाकायचा नाही. काठापाशी नुसता टेकवायचा, मध्ये उंच कमान करायची आणि मग फणीने किंवा जुन्या कंगव्याने ती कमान खाली बसवायची. पहिल्या ओळीच्या रुंदीची कागदाची पट्टी जवळ ठेवा आणि दर चार बोटांनी लावून बघा.

हातमागावर हेच काम एक आडवी काठी करते. तिच्या दोन्ही टोकांना टाचण्या असतात. विणून झालेल्या कापडाच्या पन्ह्याला ती ताणून बसवतात, थोडं विणलं की पुढे सरकवतात. काठाच्या ताण्यांवर फणीचा घास जास्त बसतो, ते तुटू नयेत म्हणून शेवटच्या घरांमध्ये धागे दुहेरी भरतात. पुठ्ठ्याच्या मागावरही दोन्ही कडांचा शेवटचा ताणा दुहेरी घ्या, काठ लगेच सुधारतो.

काठावरच्या बारीक भोकांवरून कापड हातमागाचं की नाही ते ओळखा, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. त्यावर सगळा भरवसा ठेवू नका. यंत्रमागालाही काठ ताणून धरायला काटेरी चकत्या असतात, त्यांचीही भोकं पडतात. काठ बंद आहे की सुटा आहे, ही खूण जरा बरी. धोटा म्हणजे बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारं साधन. नव्या, बिनधोट्याच्या मागांवर बाणा दर फेरीला कापला जातो. तिथे काठाला बारीक झालर राहते, किंवा टोकं आत वळवून दाबलेली दिसतात. धोट्याच्या मागावर एकच धागा जातो आणि परत येतो, म्हणून काठ गुळगुळीत बंद. पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत जुने धोट्याचे यंत्रमाग आहेत, त्यांच्याही कापडाचा काठ असाच बंद असतो. बंद काठ धोट्याची साक्ष देतो, हाताची नाही. येवल्याच्या पैठणीत तर पारंपरिक कडियल पद्धतीने तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि एकेक दोन्ही काठांचा. अंगाचा बाणा काठाच्या बाण्याला जिथे भेटतो तिथे दोघे एकमेकांत अडकून आपापल्या बाजूला परत फिरतात. म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही आणि अंगाचा काठात जात नाही. पैठणी हातात घ्याल तेव्हा ती जोडरेघ मागून बोटाने चाचपून बघा.

पुन्हा सुयांकडे येते, कारण काठाची एक युक्ती राहिली आहे. दर सुईचा पहिला टाका न विणता नुसता उचलायचा आणि शेवटचा विणायचा. काठावर साखळी तयार होते, दोन सुयांना एक कडी. मफलर, शाल, रजईचे चौकोन, जिथे काठ उघडा राहणार तिथे ही साखळी घालाच. बटणपट्टीसाठी मात्र नको. बटणपट्टी विणायला काठावरून टाके उचलावे लागतात, साधारण चार सुयांना तीन टाके. साखळीत चार सुयांना दोनच कड्या मिळतात, मग पट्टी ताणते आणि स्वेटर पुढून वर खेचला जातो. ज्या बायका सवयीने प्रत्येक गोष्टीला पहिला टाका उचलतात त्यांच्या स्वेटरची बटणपट्टी आखूड का पडते, ते यात आहे.

टाचेला ही साखळी हवीच. टाचेचा फडका विणताना दर सुईचा पहिला टाका उचललेला असतो. चोवीस सुया विणल्या तर दोन्ही काठांना बारा-बारा कड्या तयार होतात, आणि टाच वळवून झाल्यावर पायाकडे जाताना नेमके तेच बारा-बारा टाके उचलायचे असतात. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात. दोन्ही टोकं अणकुचीदार असलेल्या चार सुया आणि फिक्या रंगाची लोकर आणून ठेवा. गडद रंगावर काठाच्या कड्या मोजता येत नाहीत.