हळदीचा डाग आणि आठवीचा वर्ग

"मॅडम, हे खरंच होते का जी?" अकोल्याजवळच्या आमच्या शाळेत आम्ल-आम्लारी शिकवताना एका मुलीनं विचारलं आणि मी गप्पच झाले. लिटमस कधीचाच संपलेला. बारा वर्षं मी प्रयोग फळ्यावरच 'करत' होते!

त्या रात्री लेकानं अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडून दिलं. आयआयटी कानपूरला शिकलेले हे इंजिनिअर. पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंतून केलेले शेकडो प्रयोग त्यांनी सगळ्यांसाठी मोफत ठेवलेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ते पाहून मीही कॉम्प्युटरवर यादी करायला घेतली. धडा, साहित्य, लागणारा वेळ, काय जपायचं. अमरावतीची माझी बहीणही शिक्षिका, तीही भर घालते. आता 'लिंबू' टाइप केलं की लिंबावर होणारे सगळे प्रयोग समोर येतात!

पुढच्या तासाला हळद पाण्यात कालवून कागदावर फासली, वाळवून पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्याचा थेंब पडताच पट्टी लाल! लिंबू पिळलं, पुन्हा पिवळी.

"आईच्या लुगड्यावरचा डाग बी धुतांनी असाच लाल होते जी!" तीच मुलगी ओरडली. हळदीतलं कर्क्युमिन आम्लारीत रंग बदलतं. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं, तेही यामुळंच.

मैत्रिणींनो, लेकीला आज एवढंच विचारा, यंदा किती प्रयोग तू स्वतःच्या हातानं केलेस? उत्तर 'एकही नाही' आलं, तर उद्या डब्यासोबत चिमूटभर हळद द्या.