थंडीतील पिसगळ आणि कोंबडीची निगा

दिवस लहान होऊन धुळे-जळगावच्या शिवारात पहाटेचा पारा १० अंशांखाली जाऊ लागतो, नेमक्या त्याच सुमारास वर्षाहून मोठी गावरान कोंबडी पुष्कळदा पिसे गाळते व अंडी बंद करते. हा रोग नव्हे, सृष्टिक्रम होय. पिसांत सुमारे ८५ टक्के प्रथिने असल्याने निव्वळ ज्वारीवर तिचे भागत नाही, सबब शेंगदाण्याची पेंड आणि सुकट यांची तजवीज अवश्य करावी. बुरसटलेली पेंड मात्र मुळीच नको. मानेवर उगवणारे निळसर कोंब रक्ताने भरलेले व अत्यंत दुखरे असल्याने तिला विनाकारण हाताळणे मला क्रौर्यच वाटते. खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचा बंदोबस्त करावा, तथापि छताजवळची फट खुली ठेवावी. कोंडलेली ओल थंडीहूनही घातक ठरते.