आमच्या वर्गाची आकडेमोड

शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने वार्षिकात दोन पाने लिहावी, असा आपल्या विद्यालयाचा प्रघात आहे. त्या पानांत बहुधा प्रथम गुरुजनांचे उपकार, मग अश्रू व शेवटी मागल्या बाकांवरील बंधूंच्या लीला येतात. यंदा संपादकमहाशयांनी आम्हांस आगाऊच बजावले की, अश्रूंना जागा नाही. काही उपयुक्त माहिती द्याल तरच लेख छापू. तेव्हा आम्ही वर्गसभा भरवून विचार केला की, इतरांस ठाऊक नाही असे आम्हांस काय ठाऊक आहे? पुष्कळ वेळ शांतता पसरली. अखेरीस असे ठरले की, सहा वर्षे ज्यांनी आमचा अखंड पाठलाग केला त्या आकड्यांवरच लिहावे. ही वार्ता ऐकून आमचे गणिताचे सर काही क्षण खुर्चीत निःशब्द बसून राहिले.

आरंभीच कबूल केले पाहिजे की, आम्ही या शाळेत दाखल झालो ते शाळेत न येता. सन २०२० चा जून महिना तो. करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली होती. त्यातच ३ तारखेस निसर्ग चक्रीवादळ आपल्या जुन्नर-आंबेगावावरून गेले व कित्येक घरांचे पत्रे घेऊन गेले. आमची पाचवी भरली ती वडिलांच्या मोबाईलमध्ये. आणि मोबाईलला रेंज मिळे ती टेकडीवर. एक वर्गबंधू तर आंब्यावर चढून भागाकार शिकला. त्यास आजही भागाकार करताना खाली पाहण्याची भीती वाटते. २७ जानेवारी २०२१ रोजी वर्ग उघडले. आम्ही एकमेकांची अर्धी तोंडे पाहिली, तोच दुसरी लाट आली आणि पुनः कुलूप. एप्रिलात सरकारने पहिली ते आठवीच्या सर्व मुलांना परीक्षेवाचून वरच्या वर्गात घातले. त्या वर्षी दहावीचीही लेखी परीक्षा रद्द झाली व निकाल ९९.९५ टक्के लागला. आम्ही दहावीस पोहोचेपर्यंत हाच सुंदर क्रम चालू राहील, असा हिशेब आम्ही त्या वेळी मनाशी बांधला होता. आमची पहिली चुकलेली आकडेमोड ती हीच.

सहावीत ऑक्टोबर महिन्यात खरी शाळा सुरू झाली. हजेरीपटावर अठ्ठावन्न नावे होती. सकाळच्या उपासनेस रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे अठ्ठावन्न निरनिराळ्या स्वरांत म्हटली जात. आपला प्रांत बिबट्यांचा असल्यामुळे गृहपाठाची वही बिबट्याने नेली, असे एकाने सांगून पाहिले. सरांनी शांतपणे वनखात्याचा पंचनामा मागितला. ही सबब जुन्नर तालुक्यात एकदाच चालते, हे धाकट्या बंधूंनी ध्यानात ठेवावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. सातवीत आमची सहल नाणेघाटास गेली. कल्याण-सोपाऱ्याकडील माल घाट चढून जुन्नरास व पुढे पैठणाकडे जात असे, तो हा सातवाहनकालीन मार्ग. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी लोकांत समजूत आहे. घाटातील गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. राजघराण्याने केलेले यज्ञ व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांची ती लांबलचक यादी. लेख ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यावर लिहिले व पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या परिश्रमाने त्यांतील अंकांचा नीट उलगडा झाला. कारण या यादीत दाने नुसती सांगितलेली नाहीत, ती आकड्यांत मांडली आहेत. आणि भारतात दगडावर कोरलेल्या अंकांच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. ज्या वर्गास गणिताचे नाव काढताच तहान लागे, त्या वर्गास आकड्यांच्या माहेरी नेऊन उभे करण्यात सरांचा काय हेतू होता हे आम्ही ओळखून होतो.

ते आकडे चालत कसे, हे सरांनी गुहेबाहेर कातळावर बसवून समजावले. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. घाईघाईने लिहिताना त्या रेघा एकमेकींस जोडल्या गेल्या आणि त्यांतूनच पुढे आपला २ व ३ घडला. चाराचे चिन्ह जवळजवळ बेरजेच्या खुणेसारखे. पण खरा फरक पुढेच आहे. आपण ७ लिहून त्यापुढे दोन पूज्ये मांडली की सातशे होतात. सात तोच, त्याची जागा मात्र बदलली. नाणेघाटात तसे नाही. तेथे दहास निराळे चिन्ह, वीसास निराळे, शंभरास निराळे, हजारास निराळे. सातशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हास साताचे चिन्ह जोडावयाचे. सतराशे हवे असतील तर आधी हजाराचे चिन्ह आणि त्याशेजारी हे सातशेचे. पूज्याची गरजच नाही, म्हणून पूज्य तेथे नाही.

हे ऐकताच मागल्या रांगेतून प्रश्न आला, “सर, मग त्या काळी नापास मुलाच्या पाटीवर गुरुजी काय लिहीत असत?” सर म्हणाले, “काहीच नाही. कोरी पाटी परत देत असतील.” यानंतर कित्येक दिवस आमच्या वर्गात सातवाहनांचे राज्य परत यावे अशी प्रार्थना चालू होती.

त्याच गुहेत आणखी एक गोष्ट आम्ही पाहिली. मागील भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज वर नावे वाचता येतात: सिमुक सातवाहन, नायनिका, सातकर्णी आणि इतर. खाली पुतळ्यांची केवळ पावले उरली आहेत. आमच्यापैकी दोघे आपलीही नावे तेथे कोरून अमर होण्याच्या बेतात होते; सरांनी त्यांच्या हातचे दगड काढून घेतले. ती नावे पुढे बाकावर कोरली गेली व त्यांबद्दल दंड भरावा लागला.

आठवीत लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजण्याची कामगिरी झाली. आम्ही नऊ तुकड्या करून चढलो आणि नऊ निरनिराळे आकडे घेऊन गणपतीपुढे उभे राहिलो. खांबांवाचून उभे असलेले ते विस्तीर्ण दालन पाहावयाचे सोडून आम्ही एकमेकांस खोटे ठरवीत होतो. शेवटी उतरल्यावर सरांनी सरासरी काढावयास लावली. मौज ही की, पुस्तकांतही एकवाक्यता नाही. कोठे २८३ आढळतात, कोठे ३०७. पायरी कोणती व रस्ता कोणता हे आधी ठरविल्यावाचून मोजणीस आरंभ करू नये, एवढे आम्ही शिकलो. शिवनेरीवरही असाच घोळ. शिवरायांचा जन्म १६२७ चा, असे आमच्या आजोबांच्या पुस्तकात होते, आमच्या पुस्तकात १६३०. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीने दुसऱ्या पक्षास बळ दिले व पुढे सरकारनेही १९ फेब्रुवारी १६३० हीच तिथी मान्य केली. आमच्या एका भगिनीने उत्तरपत्रिकेत दोन्ही साले लिहून “योग्य ते घ्यावे” अशी विनंती केली होती. गुण मिळाले नाहीत.

नववीत राष्ट्रीय विज्ञान दिनी खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहिली. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी जवळजवळ आहेत, सोळा तीन दिशांस सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून येणारा रेडिओलहरींचा अत्यंत क्षीण आवाज ऐकणारे हे तीस कान. आसपास डोंगरांचा आडोसा व माणसांनी केलेला लहरींचा गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली. तेथे मोबाईल बंद ठेवावा लागतो. वर्गातील पन्नासांच्या वर मुलांचे नव्हे, शंभरावर कानांचे काम तीस कान कसे करतात, असे सरांनी विचारले तेव्हा आम्ही मान खाली घातली.

मग सरांनी प्रश्न घातला: एका तबकडीचे तोंड केवढे? आम्ही पाय, त्रिज्या, वर्ग अशी जुळवाजुळव करीत होतो, तोच आमचा एक बंधू म्हणाला, “सोळा गुंठे, सर, थोडे कमी.” सरांनी कागदावर करून पाहिले: सुमारे १५९० चौरस मीटर, म्हणजे पावणेसोळा गुंठे. त्याच्या वडिलांचे रान नेमके तेवढेच, टोमॅटोचे. त्यास सूत्र आठवले नव्हते. वर्तुळाभोवती चौकोन कल्पून त्याने कोपरे अंदाजाने वजा केले होते. त्या दिवशी सरांनी त्याच्या पाठीवर ठेवलेला हात आम्ही सर्वांनी पाहिला.

दहावीच्या पहिल्या दिवशी तो आला नाही. वडील अंथरुणास खिळले होते. तो आता नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाडी घेऊन जातो. वीस किलोचा क्रेट, त्यास बाजारात कॅरेट म्हणतात. शंभर कॅरेटचे पैसे, त्यातून हमाली, गाडीभाडे वजा, हे तो आम्ही कागद शोधेपर्यंत तोंडी सांगतो. २०२३ च्या जुलैत कॅरेटचा भाव दोन हजारांवर गेला होता तेव्हा आमच्या वर्गाची हजेरी बरीच घसरली होती. पुढे भाव उतरला, मुले परतली. हा परतला नाही.

अठ्ठावन्नांतून सात वजा झाले. दोघी डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या. त्या धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्यास नाव त्याचेच राहिले, कचेऱ्या मात्र घोडेगावास आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात. त्या जलाशयास त्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचे नाव आहे. मुंबईच्या गिरणीतला हा मजूर १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला, तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचा होता. त्या दोघी आधी हिरड्याच्या हंगामापुरत्या घरी राहिल्या, मग आईबापांबरोबर मजुरीस उतरल्या. एकीचे लग्न झाले असे ऐकतो. आणखी दोघे ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले. उरलेल्या दोघांनी आठवीत असतानाच कंटाळून शाळा सोडली; त्यांस परत आणण्यास आम्ही कोणी गेलो नाही, हे येथे लिहून ठेवणे बरे. हजेरीपटावर त्या सातांच्या नावांवर तांबडी रेघ आहे, नावे मात्र वाचता येतात.

उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण पुरतात. गणितात ऐंशी लेखी व वीस अंतर्गत. ते वीस देताना सरांचा हात आखडला नाही, हे कृतज्ञतेने नमूद करतो. निकाल अद्याप लागावयाचा आहे. त्याविषयी आकडा सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

सोबत छापलेले वर्गाचे छायाचित्र निरोपसमारंभाच्या दुपारी घेतले. सर्व रांगेत उभे राहिले, तोच फाटकाशी गाडी थांबली, तिच्यात रिकामे कॅरेट होते. सरांनी हाक मारली. तो हात पुसत आला आणि मागल्या रांगेत डाव्या टोकास उभा राहिला. छायाचित्राखाली नावे एक्कावन्न आहेत. मोजणाऱ्यांस चेहरे बावन्न आढळतील. ती छापखान्याची चूक नव्हे.