आवक रुंद, जावक अरुंद

रविवारीं सायंकाळीं दिवेलागण होऊन मुलांची शुभंकरोति आटोपली, कीं आमच्या मातोश्री पडद्यासमोर येऊन बसतात. घड्याळांत साडेसात झालेले असतात. न्यू जर्सींत त्या वेळीं सकाळचे दहा, थंडीच्या दिवसांत नऊ. तेथें आमची धाकटी बहीण राहते. आठवड्यांतील ही एकच घटका मायलेकींची. गेल्या चातुर्मासांत मात्र या संभाषणांत विलक्षण विघ्नें येऊं लागलीं. मातोश्रींना लेक स्वच्छ दिसे. लेकीला मात्र त्या तुटक दिसत आणि त्यांचे शब्द अर्धेमुर्धे ऐकूं येत. मेतकुटाची कृति सांगतां सांगतां "काय म्हणालीस, आई?" हा प्रश्न पांच वेळां आला, तेव्हां त्यांनीं ती कृति तेथेंच सोडून दिली. पुढच्या रविवारीं त्या फारशा बोलल्याच नाहींत. आपलें बोलणें लेकीला आतां नकोसें झालें आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें.

घरांत ज्यानें त्यानें आपापल्या परीनें कारण शोधलें. कोणी वहिनींच्या घरबसल्या चालणाऱ्या कचेरीला दोष दिला, कोणी पुतण्याच्या खेळांना. आम्हीं तर पैसे मोजून शंभर मेगाबिटांची योजना दोनशेंची करून घेतली. फरक कांहीं नाहीं! अखेर एका रविवारीं, ज्या संगणकावर घरचीं छायाचित्रें, वडिलांच्या कीर्तनांचें ध्वनिमुद्रण व समारंभांचे चलत्पट सांठविले आहेत, त्या आमच्या घरच्या सर्व्हरचा तक्ता सहज उघडला, आणि उलगडा झाला. आजी बोलत असतां, त्याच घटकेला, तेथील नातवंडें पलीकडच्या खोलींत आमच्या सर्व्हरवरून आजीच्याच सहस्रचंद्रदर्शनाचा चलत्पट पाहत होतीं. चित्रांतल्या आजीनें बोलत्या आजीची वाट अडविली होती.

कचेरींत आवक व जावक यांच्या वह्या निरनिराळ्या असतात. इंटरनेटचा हिशेबही तसाच दुहेरी आहे. जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा बहुधा आवकेचा, म्हणजे डाउनलोडचा, असतो. आमची जावक, म्हणजे अपलोड, पूर्वीं दहा मेगाबिट होती आणि जादा पैसे भरल्यावरही दहाच राहिली. जुन्या वाड्याच्या दरवाजासारखें हें आहे: माल आंत येण्यास सगळा दरवाजा उघडा, बाहेर जाण्यास मात्र त्यांतली दिंडी. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या मूळच्या एडीएसएल पद्धतींत आवक ८ मेगाबिटांपर्यंत, तर जावक सुमारें १ असे. घरें घेतात पुष्कळ व देतात थोडें, हें गृहीत धरून ही विभागणी झालेली आहे. कांचतंतूवरील जीपॉन पद्धतींतही एका तंतूवर आवक सेकंदास सुमारें अडीच गिगाबिट व जावक सव्वा, आणि ती अनेक घरांत वांटलेली. कित्येक कांचतंतु-योजनांत दोन्ही बाजू सारख्या मिळतात खऱ्या. परंतु पैसे भरण्यापूर्वीं तसें विचारून घ्यावें. आम्हीं विचारलें नव्हतें.

आतां, चलत्पट सेकंदास ८ मेगाबिटांचा आणि दिंडी दहाची, मग अडचण कां व्हावी? सर्व्हर चित्राचा पुढचा भाग आधींच पोहोंचविण्यासाठीं धांवतो, म्हणून मधून मधून तो दहाचे दहा व्यापतो. माहिती जाते ती लहान लहान पाकिटांतून. दिंडी भरली कीं पाकिटें यंत्रांत रांग धरून थांबतात, आणि अनेक यंत्रांत ही थांबण्याची जागा भलतीच ऐसपैस ठेवलेली असते. चलत्पटाला दोन क्षणांचा विलंब चालतो. बोलण्याला अर्ध्या क्षणाचाही चालत नाहीं. या फुगलेल्या रांगेला जिम गेटिस यांनीं २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ हें नांव दिलें. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं तिजवर ‘कोडेल’ नांवाचा तोडगा प्रसिद्ध केला, व त्याचेंच पुढचें रूप, ‘एफक्यू-कोडेल’, २०१८ मध्यें इंटरनेटच्या लेखी नियमपत्रांत आलें. त्यांत प्रत्येकाची रांग वेगळी होते, आणि थोडकें बोलणारा मोठ्या गाड्यांमागें अडकून पडत नाहीं. ज्या राउटरमध्यें ‘एसक्यूएम’ ही सोय आहे त्यांत जावकेचा आंकडा मोजलेल्या वेगाच्या शेंकडा ८५ ते ९० इतकाच भरावा. थोडें सोडावें लागतें तें अशासाठीं, कीं रांग कंपनीच्या पेटींत न लागतां आपल्या देखरेखीखालीं लागावी.

आम्हीं राउटरला नऊची मर्यादा घातली. त्यानंतर जेलिफिनमध्यें (आमचा सर्व्हर त्यावर चालतो, प्लेक्समध्येंही ही सोय आहे) बाहेरगांवच्या प्रेक्षकांस ३ मेगाबिटांचें बंधन घातलें. त्यामुळें एक नवीच पीडा उभी राहिली: चित्र लहान करून पाठविण्याचें काम जुन्या संगणकाला झेपेना व त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा गर्जूं लागला. मग नेहमींच्या पटांच्या लहान प्रती आधींच करून ठेवल्या. वहिनींच्या कचेरीला दोन मेगाबिट व मातोश्रींच्या बोलण्याला दोन, इतकें धरूनही थोडें उरतें. मोबाइलमधील छायाचित्रें आपोआप वर चढविणारी योजना हीही मोठी खादाड; तिला रात्रींची वेळ दिली.

याहून सोपा उपाय आमच्या भाचीनेंच सुचविला. मुलें एकच चित्र दहा वेळां पाहतात, तर तें दहा वेळां कां पाठवावें? दोन तासांचा ८ मेगाबिटांचा पट म्हणजे सुमारें ७.२ गिगाबाइट. रात्रीं अकरापासून सेकंदास ४ मेगाबिटांच्या वेगानें सोडला तर पहाटे तीनला तो सगळा तिकडे जाऊन पोहोंचतो. येथें सर्व निजलेले, दिंडी मोकळी. सहस्रचंद्रदर्शनाचा पट आतां न्यू जर्सींतच आहे. मुलांनीं तो हवा तेव्हां पाहावा.

गेल्या रविवारीं मातोश्रींनीं मेतकुटाची कृति पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. बहिणीनें मध्यें एकदांच विचारलें, तें मेथ्या किती घ्यावयाच्या म्हणून.