पाहणाऱ्याला न दिसणारा दुचाकीस्वार

अपघातानंतर पोलीस ठाण्यात मोटारचालकाचा जबाब नोंदवला जातो, तेव्हा ‘मी दोन्हीकडे पाहिले होते, फटफटी मला दिसलीच नाही, ती एकाएकी समोर आली’ अशा आशयाचे एखादे वाक्य त्यात बहुधा असतेच. आणि फिर्यादी पक्षाचे लोक, वकील, शेजारीपाजारी, इतकेच काय, पण कित्येकदा तपास करणारा अंमलदारही, अंगावर आलेली कसूर झटकण्यासाठी पुढे केलेली ही सबब आहे असे गृहीत धरून चालतो. पुष्कळदा ती सबब नसते. खोटे बोलणाऱ्याला निदान दुचाकीस्वार दिसलेला तरी असतो, आणि ज्याला आपण दिसलो त्याच्याकडून थोड्याफार सावधगिरीची अपेक्षा ठेवता येते. परंतु ज्याने प्रामाणिकपणे मान वळवून पाहिले आणि तरीही ज्याला रस्ता मोकळाच दिसला, त्याच्यापासून स्वतःचे रक्षण कसे करावे, हा दुचाकीवर बसणाऱ्याच्या पुढचा खरा प्रश्न आहे.

भिलाईत या प्रश्नाला स्थानिक स्वरूप आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिलेला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली तो पोलादाचा कारखाना तीन पाळ्यांवर चालतो. आणि सकाळी सहा, दुपारी दोन व रात्री दहाच्या सुमारास मुख्य फाटकाकडे आणि बोरिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाकींचा जो लोंढा उसळतो, त्यात नुकतीच आंघोळ करून निघालेला ताजातवाना इसम आणि रात्रपाळी उरकून जडावलेल्या डोळ्यांनी परतणारा इसम एकमेकांच्या समोरून जात असतात. कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टरांतले रस्ते सरळ, रुंद आणि झाडांच्या ओळींनी आखलेले. तेथे चौक दुरून दिसतो, वळणारा माणूस ओळखीचा निघतो आणि चूक झालीच तर ती बहुधा सौम्य वेगात होते. या रस्त्यांवर गाडी शिकलेला मुलगा रेल्वेमार्ग ओलांडून जी. ई. रोडवर येतो, तेव्हा तो आपला सेक्टरातला विश्वास बरोबर घेऊन येतो, आणि त्याला भेटतो तो नागपूर, रायपूर व कलकत्ता यांना जोडणारा जुना सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक येथे आता ५३ आहे. कारखान्याचा माल वाहणारे ट्रेलर, मुरूम आणि गिट्टी भरलेले हायवा, सवारी दिसताच हात न दाखवता कडेला येणारे ऑटो, आणि पावसाळ्यात कोरडी जागा म्हणून डांबरावरच ठाण मांडून बसलेल्या गाई यांतून वाट काढणाऱ्या मोटारचालकाचे लक्ष ज्या दहा गोष्टींवर वाटलेले असते, त्यांत दुचाकीचा नंबर बहुधा अकरावा लागतो.

या विषयाचा पहिला मोठा शास्त्रीय तपास अमेरिकेत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे नऊशे मोटरसायकल-अपघातांची घटनास्थळी जाऊन छाननी केली आणि १९८१ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. जवळजवळ तीनचतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरीचे होते, आणि अशा टकरींपैकी दोनतृतीयांशांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलचा रस्त्यावरील हक्क डावलला होता. सर्वांत अधिक वेळा घडणारा प्रकार असा की, स्वार सरळ चालला आहे आणि समोरून येणारी मोटार त्याच्या पुढ्यातून आडवी वळते. आपल्याकडे डावीकडून चालण्याचा दंडक असल्यामुळे ती उजवीकडे वळते, एवढाच फरक. जी. ई. रोडच्या दुभाजकातील एखाद्या फटीशी घटकाभर उभे राहिले, तर हर्टसाहेबांचा निष्कर्ष दर सिग्नलागणिक डोळ्यांसमोर उलगडताना दिसतो.

मोटारचालकाला दुचाकी का दिसत नाही, याची मीमांसा नीतिशास्त्रात शोधण्यापूर्वी नेत्रविज्ञानात शोधणे अधिक फलदायी आहे. डोळ्यांना स्पष्ट दिसणारा भाग अत्यंत लहान असतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर जेवढे नख तेवढाच सुमारे तो भाग, आणि बाकीचे सारे दृश्य अंधुकच असते. मान वळवून झटकन उजवीडावीकडे पाहताना नजर सलग सरकत नाही. ती दोनचार ठिकाणी टेकते आणि मधल्या उड्यांच्या काळात मेंदू दृष्टीची नोंद जवळजवळ बंद ठेवतो, मागाहून ती मधली जागा आपल्या अनुमानाने भरून काढतो, आणि पाहणाऱ्याला मात्र आपण सगळा रस्ता पाहिला असेच वाटते. पन्नास मीटरांवरची दुचाकी, तिची रुंदी जेमतेम पाऊण मीटर धरली, तर त्या नखाहूनही अरुंद दिसते. त्यातच मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांचे खांब असे असतात की, मोटार आणि दुचाकी एकाच चौकाकडे विशिष्ट वेगांनी येत असतील, तर दुचाकी कित्येक सेकंद त्या खांबाआडच राहते. बाहेर येते ती फार उशिरा.

दुसरी अडचण वेगाच्या अंदाजाची आहे. सरळ आपल्याकडे येणारी वस्तू बाजूला सरकत नाही, ती केवळ मोठी होत जाते. आणि शंभर मीटरांवरून पन्नासवर येताना दुचाकी जेवढ्या पटीने मोठी दिसते, तेवढ्याच पटीने ती शेवटच्या पंचवीस मीटरांवरून साडेबारांवर येताना मोठी होते, मात्र तेव्हा त्याला वेळ फक्त पावभर लागतो. म्हणून आरंभी ती जागच्या जागी उभी असल्यासारखी भासते आणि अखेरीस अंगावर धावून आल्यासारखी. जबाबातील ‘एकाएकी’ या शब्दामागे हे साधे गणित आहे. मोठा ट्रक जवळ भासतो आणि लहान दुचाकी दूर, त्यामुळे ट्रकला वाट देणारा शहाणा चालकही दुचाकीपुढून वळून जातो.

हर्ट यांच्या अहवालात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते साऱ्या अहवालाचे मर्म त्यातच आहे: संकट सुरू झाल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हाती सामान्यतः दोन सेकंदांहूनही किंचित कमी वेळ असतो. हे दोन सेकंद हिशेबात मांडून पाहावेत. ताशी ५० किलोमीटर वेगाने दुचाकी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. प्रतिक्रियेत एक सेकंद गेला आणि कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक चांगले दाबले, तर ती सुमारे २९ मीटरांत थांबते. वेग ताशी ६० असेल, तर त्याच २९ मीटरांच्या टोकाला ती अजून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावत असते. दहा किलोमीटरच्या वाढीचा मोबदला थांबणे आणि चाळीसच्या वेगाने दारावर आदळणे इतका विषम आहे. घरातून निघताना वडीलधारी मंडळी ‘सावकाश जा रे’ म्हणतात ते या अर्थाने अक्षरशः बरोबर आहे. पण तो सल्ला सार्वकालिक असल्याने कोणी पाळत नाही. दुभाजकाच्या फटीपाशी, उड्डाणपुलाखालील चौकात आणि उजवीकडे वळू पाहणाऱ्या मोटारीसमोर सावकाश जावे, मोकळ्या पट्ट्यात नेहमीच्या वेगाने जावे, असे सांगितले तर निदान तरुणांना त्याचे कारण पटेल.

अशा ठिकाणी चालकाच्या डोळ्यांत पाहावे असे पुष्कळ लोक सुचवतात. मला हा उपदेश अपुरा वाटतो, कारण त्याचे डोळे आपल्या दिशेला असणे हा त्याने आपल्याला पाहिल्याचा दाखला नव्हे. डोळ्यांपेक्षा पुढच्या चाकावर नजर ठेवावी. चाकाचा वरचा काठ मोटारीच्या दुप्पट वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे मोटार जागची हलली न हलली तोच हालचाल तेथे दिसते, आणि चाक वळलेले असेल तर चालकाचा इरादाही कळतो. त्या वेळी उजव्या हाताची दोन बोटे ब्रेकच्या दांडीवर टेकलेली असावीत. आपल्या पट्ट्यातच जरासे डावीउजवीकडे सरकल्याने पार्श्वभूमीवर हालचाल निर्माण होते, खांबाआडचा माणूस बाहेर येतो, आणि स्थिर भासणारी दुचाकी जिवंत वाटू लागते.

सूर्याचा हिशेबही ठेवावा, आणि जी. ई. रोड येथे बराचसा पूर्वपश्चिम असल्यामुळे तो अधिकच ठेवावा. संध्याकाळी दुर्गहून रायपूरकडे निघालेल्या स्वाराला समोरचा रस्ता स्वच्छ, सोनेरी आणि निर्धोक दिसतो, कारण सूर्य त्याच्या पाठीशी असतो. नेमक्या त्याच वेळी समोरून येणाऱ्या प्रत्येक चालकाच्या डोळ्यांत तो सूर्य भाल्यासारखा घुसलेला असतो. आपली सावली लांब होऊन आपल्याच पुढे पडली आहे असे दिसले की, समोरचा माणूस आपल्यापुरता आंधळा आहे असे समजून चालावे.

ट्रेलर आणि हायवा यांच्याबाबतीत नियम थोडा निराळा आहे. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून डावी बाजू ही त्याची सर्वांत अंधारी बाजू. आणि लांब वाहन डावीकडे वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून कापत जातात. सिग्नलला थांबलेल्या ट्रेलरच्या डावीकडच्या अरुंद पट्टीतून पुढे जाण्याचा मोह म्हणूनच प्राणघातक ठरतो. सुपेल्याच्या बाजाराशी कडेला लावलेल्या मोटारींपासून उघडलेल्या दाराएवढे अंतर राखावे, आत डोके दिसत असेल तर अधिक. हातातल्या मोबाइलविषयी फार लिहिण्याची गरज नाही: मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली तो आता धोकादायक वाहनचालनात मोडतो, आणि ताशी ५० च्या वेगात तीन सेकंदांचा संदेश वाचणारा चालक चाळीस मीटर रस्ता न पाहताच ओलांडतो.

दिसण्याची सोय थोडीफार स्वाराच्याही हाती आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरातल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चकाकणारे किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्या स्वारांना दुखापतीच्या अपघातांचा धोका ३७ टक्क्यांनी, तर पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांना, काळ्याच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी आढळला. आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तोही याच हेतूने. तरीही दुकानांत, कडक उन्हाळ्यात अधिक तापत असूनही, काळेच हेल्मेट आवडीने घेतले जाते, याला रुचीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. हेल्मेट अपघात टाळत नाही हे खरे; मात्र मृत्यूचा धोका ते सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटवते. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची सरकारी नोंद ५०,०२९ इतकी आहे. कोपरात अडकवलेले किंवा हनुवटीखालचा पट्टा मोकळा सोडलेले हेल्मेट या हिशेबात धरता येत नाही.

राहता राहिला ब्रेकचा भाग, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. हर्ट यांना असेही आढळले होते की, संकटात सापडलेले स्वार मागचा ब्रेक जोराने दाबून चाक घसरू देतात आणि पुढचा ब्रेक, ज्यात थांबवण्याची बहुतांश शक्ती असते, तो मात्र पुरेसा वापरतच नाहीत. कारण पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते अशी समजूत लहानपणी सायकलवर मिळालेली असते. ही समजूत वाचनाने जात नाही. रविवारच्या सकाळी, सेक्टरांतील एखाद्या रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर ताशी तीसच्या वेगापासून आरंभ करून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढत्या दाबाने, हँडल सरळ ठेवून दाबावेत. हात सरावला की चाळीस आणि मग पन्नासवर जावे. आपल्या गाडीला एबीएस आहे की केवळ दोन्ही ब्रेक जोडणारी व्यवस्था, हे आधी पाहून घ्यावे, कारण पहिल्या प्रकारात दांडी पूर्ण दाबून धरली तरी पुढचे चाक अडकत नाही आणि दुसऱ्यात ते अडकू शकते.