किल्ली सगळ्यात शेवटी

महाराष्ट्रातल्या कितीतरी सोसायट्यांच्या मागच्या भिंतीला, वाड्यांच्या पडवीत, गावाकडच्या गोठ्याशेजारी एखादी प्रीमियर पद्मिनी उभी असते. टायर बसलेले, ताडपत्री फाटलेली, बॉनेटवर पानांचा थर. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली, म्हणून विकवत नाही. चालवणारं कोणी उरलं नाही, म्हणून हलत नाही. मग एखाद्या सुट्टीत घरातल्या कुणा तरुणाला किंवा तरुणीला हुरूप येतो. नवी बॅटरी आणली जाते, टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल ओतलं जातं आणि लगेच सेल्फ मारला जातो. इतकी वर्षं नुसतं झोपलेलं इंजिन त्या एका मिनिटात कायमचं दुखावू शकतं.

हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. मोटारींचं कसलंही शिक्षण नसलेल्या माणसाला पद्मिनी पुन्हा चालती करता येते, असं मी ठामपणे म्हणतो. त्यासाठी अट एकच आहे. कामं योग्य क्रमाने करायची, आणि त्या क्रमात किल्ली फिरवणं सगळ्यात शेवटी ठेवायचं.

कुर्ल्याची गाडी

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहनं याच देशात बनावीत, हा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या गेल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. साठच्या दशकात कोनदार अंगाची 1100 डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी.

त्या काळी गाडी घेणं म्हणजे काय होतं, हे एका उदाहरणावरून कळतं. लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधान असताना घेतलेली फियाट 12,000 रुपयांची होती आणि त्यासाठी त्यांना बँकेकडून 5,000 रुपयांचं कर्ज काढावं लागलं. ती गाडी आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात जपलेली आहे. आजोबांची पद्मिनी घरच्यांना विकवत नाही, त्यामागे हाच इतिहास आहे.

नवशिक्याच्या दृष्टीने या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिच्यात काहीच लपलेलं नाही. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद जेमतेम 40 अश्वशक्तीच्या आसपास. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. संगणक नाही, सेन्सर नाही. पेट्रोल कुठून येतं, करंट कुठून जातो, पाणी कुठे फिरतं, हे बॉनेट उघडून बोटाने दाखवता येतं. म्हणून दोषही डोळ्यांनी शोधता येतो.

आधी कागद, मग पत्रा

पाना हातात घेण्याआधी आरसी पुस्तक काढा. त्यातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का, ते पाहा. नाव आजोबांचंच असेल तर वारसांच्या नावे हस्तांतर आधी करावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. वर पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी. नंबर जुळत नसतील तर खर्च तिथेच थांबवून आधी आरटीओत चौकशी करावी.

1974 मधल्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येतं. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजीला न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेलं असेल तर विंटेजचा मान मिळत नाही. म्हणून मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी याचा विचार करा.

आता पत्रा. या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दरवाजाखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची टोकं जिथे बॉडीला जोडलेली असतात ती जागा, इथला गंज म्हणजे हाडाला लागलेली कीड. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. कोकणातल्या खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. सांगाडा पोखरलेला असेल तर इंजिनाकडे वळण्याआधी वेल्डिंगचा खर्च विचारून घ्यावा. बंपरची चमक आणि नवा रंग या अगदी शेवटच्या गोष्टी आहेत.

चालण्याआधी थांबणं

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. मी ब्रेकपासून सुरुवात करायला सांगतो, कारण सुरू झालेली गाडी गेटपर्यंत तरी नेऊन पाहण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते पाणी व्हील सिलिंडरला आतून गंजवतं आणि पिस्टन जागीच अडकतो. गाडी सपाट जागी जॅकवर उचला, भक्कम स्टँडवर ठेवा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कधीही जाऊ नका. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडरची रबरं आणि रबरी नळ्या सरसकट बदला. सगळं जुनं ऑइल काढून नवं भरा आणि ब्रेकमधली हवा काढा. हे काम अनुभवी मेस्त्रीकडून करून घ्यावं आणि आपण शेजारी बसून पाहावं.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी कडक झालेलं, भेगाळलेलं रबर वेगात फुटतं. असे टायर बदलाच.

इंजिन हाताने फिरवा

आता बॉनेट उघडा. उंदरांची घरटी काढा, कुरतडलेल्या वायरी पाहा; उघड्या वायरीवर बॅटरी जोडली तर आग लागू शकते. मग चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतील, तर तेल आत झिरपून त्या सुटायला मदत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, प्लग बाहेरच ठेवून हळूच पुढे ढकला. इंजिन सहज फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. अडलं तर जोर लावू नका; पुन्हा तेल, पुन्हा वाट. सुरुवातीलाच सेल्फ मारण्यातला धोका हाच आहे. अडकलेल्या पिस्टनला मोटरने हिसका दिला की रिंग तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पडतो.

फिरतं झालं की जुनं तेल काढून नवं भरा, फिल्टर पाहा. रेडिएटर धुवा, फुगलेले होज बदला. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि नुसत्या पाण्याने ते आतून खाल्लं जातं. म्हणून कूलंट घालाच.

पेट्रोल आणि ठिणगी

जुन्या पेट्रोलला रंगाच्या दुकानासारखा आंबूस वास येतो. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी पूर्ण रिकामी करा. तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं नाही. आत गंज असेल तर टाकी उतरवून साफ करून घ्या. त्याआधी तिच्याजवळ वेल्डिंग किंवा बिडी-सिगारेट अजिबात नको, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीची रबरं या इंधनासाठी बनलेलीच नव्हती. इथेनॉलने जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतो, मऊ पडतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळू लागतं. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नवा डायफ्रॅम घाला. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून गाडी वरचेवर चालवणं चांगलं.

ठिणगीचं काम डिस्ट्रिब्युटरमध्ये होतं. त्याचं टोपण काढलं की पॉइंट दिसतात. ते बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, गॅप फीलर गेजने लावा, कंडेन्सर नवा घाला. वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा. इंजिनाचा फायरिंग क्रम 1-3-4-2 असा आहे आणि वायरी याच क्रमाने लागल्या पाहिजेत.

आता किल्ली

गाडी मोकळ्या हवेत आणा, कारण बंद गॅरेजमधला धूर प्राणघातक ठरतो. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा. प्लग अजून बाहेरच असू द्या. कॉइलची वायर काढून थोडा थोडा सेल्फ मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला म्हणजे तेल बेअरिंगपर्यंत पोहोचलं. मगच प्लग बसवा, वायर जोडा, चोक ओढा आणि किल्ली फिरवा.

सुरू झाल्यावर आनंदाने ॲक्सिलरेटर दाबू नका. तेलाचा दिवा पाहा, पेट्रोल कुठे गळतंय का पाहा, आवाज ऐका. धूरही बरंच सांगतो. निळा म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. थोडा वेळ चालवून बंद करा, गळती तपासा, आणि काही फेऱ्यांनंतर तेल पुन्हा बदला. पहिलं तेल आतली घाण घेऊन बाहेर येतं.

हे आत्ताच का करायचं

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर पद्मिनी काळी-पिवळीच्या रूपातून रस्त्यावरून गेली. यात स्मरणरंजनापलीकडचं एक नुकसान आहे. हजारो टॅक्सी धावत होत्या म्हणून पॉइंट, डायफ्रॅम, व्हील सिलिंडरची रबरं बनत होती, विकली जात होती. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत अजून शोधलं की काही ना काही मिळतं. पण गिऱ्हाईक आटलं की माल आटतो.

सुटे भाग पुन्हा बनवता येतील. आवाज ऐकून टॅपेट ढिला आहे की बेअरिंग गेलंय हे सांगणारा मेस्त्री मात्र बनवता येत नाही. ते ज्ञान पुस्तकात फारसं उतरलेलं नाही आणि ज्यांच्याकडे आहे ते आता सत्तरीच्या घरात आहेत. तुमच्या गावात असा कोणी असेल तर गाडी नुसती त्याच्या ताब्यात देऊन येऊ नका. त्याच्याबरोबर उभे राहा, प्रश्न विचारा, वहीत लिहून घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे मोकळ्या हाताने द्या. पाऊस संपून हवा कोरडी झालेली असावी आणि हाताशी सुट्टी असावी. कामाला लागण्यासाठी यापेक्षा चांगला हंगाम नाही.